दोन योकोहामा आणि एक ‘एफ’

१० मार्च २००७ रोजी जपानमधल्या योकोहामा शहरात, मित्सुझावाच्या मैदानावर, जे-लीगच्या पहिल्या विभागातला एक सामना झाला. मोसमाची ती दुसरीच फेरी. यजमान योकोहामा एफसी, पाहुणे योकोहामा एफ. मारिनोस. पाहुणे म्हणायचे ते कार्यक्रमपत्रिकेपुरते, कारण दोन्ही संघ त्याच शहरातले. सुरुवातीलाच हायाकावा तोमोनोबु या बचावपटूने गोल केला, उरलेला सगळा वेळ यजमानांनी तो एक गोल जपला आणि सामना १-० असा संपला. योकोहामा एफसीचा पहिल्या विभागातला हा पहिला विजय होता.

एवढ्यात विशेष काही नाही. नुकताच वर चढलेला संघ एखाद्या दिवशी जुन्या, श्रीमंत संघाला हरवतो. फुटबॉलमध्ये हे दर वर्षी घडते. मी हा सामना मैदानावर पाहिलेला नाही. जपानी फुटबॉलविषयी वाचता वाचता त्याच्यापाशी येऊन थांबलो, आणि थांबलो तो नावांमुळे. दोन्ही नावांत ‘एफ’ आहे, पण तो एक नाही. एफसीमधला एफ म्हणजे फुटबॉल, जगभर असतो तसा. मारिनोसच्या आधी टिंब देऊन लिहिलेला एफ हे एका संपलेल्या क्लबाचे आद्याक्षर आहे. आणि त्या संपलेल्या क्लबाच्या पाठीराख्यांनी पुढे जो नवा क्लब काढला, तो म्हणजे समोरचा योकोहामा एफसी. नाव एकाकडे, माणसे दुसऱ्याकडे. त्या दिवशी मित्सुझावाला दोघे समोरासमोर उभे होते, आणि जो खरा विषय होता तो मैदानावर नव्हताच.

थोडे मागे जावे लागेल. १९९३ साली जे-लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात दहा क्लब होते आणि त्यांतले दोन योकोहामाचे होते: मारिनोस आणि फ्ल्युगेल्स. मारिनोस म्हणजे खलाशी. बंदराच्या शहराला शोभणारे नाव. फ्ल्युगेल म्हणजे जर्मन भाषेत पंख. मालक विमान कंपनी, म्हणून पंख. मारिनोसच्या मागे निसान ही मोटार कंपनी होती, फ्ल्युगेल्सच्या मागे ऑल निप्पॉन एअरवेज आणि तिच्या जोडीला सातो कोग्यो ही बांधकाम कंपनी. फ्ल्युगेल्स हा किरकोळ क्लब नव्हता. १९९८ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या विश्वचषकाचा पहिला गोल ब्राझीलच्या सेझार सांपायोने केला, तो तेव्हा फ्ल्युगेल्सचा खेळाडू होता. जपान त्याच विश्वचषकात प्रथमच उतरला. त्या संघाच्या मधल्या फळीत यामागुची मोतोहिरो होता, तोही फ्ल्युगेल्सचाच.

त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला जाहीर झाले, की फ्ल्युगेल्स मारिनोसमध्ये विलीन होणार. सातो कोग्यो आर्थिक अडचणीत होती, तिने अंग काढून घेतले. एकट्या विमान कंपनीला खर्च झेपेना. निर्णय कंपन्यांच्या पातळीवर झाला. खेळाडूंना कोणी विचारले नव्हते, पाठीराख्यांना तर नाहीच. शब्द वापरला गेला तो विलीनीकरण हा, पण व्यवहारात एक क्लब राहणार होता आणि एक जाणार होता. जाणाऱ्याच्या नावाचे पहिले अक्षर राहणाऱ्याच्या नावात बसवायचे ठरले. योकोहामा मारिनोसचे योकोहामा एफ. मारिनोस झाले ते असे.

पुढचे दोन महिने जपानी फुटबॉलमध्ये अजून सांगितले जातात. घोषणेनंतर दोनच दिवसांनी फ्ल्युगेल्सने सेरेझो ओसाकाला ७-० असे हरवले. त्यानंतर संघ हरलाच नाही. लीग संपली आणि सम्राट चषकाच्या बाद फेऱ्या सुरू झाल्या. तिथे हरणाऱ्या प्रत्येक संघाचा तो मोसमातला शेवटचा सामना असतो. यांचा तो कायमचा शेवटचा ठरणार होता. जुबिलो इवाता आणि काशिमा अँटलर्स या त्या काळातल्या दोन सर्वांत बलाढ्य संघांना त्यांनी ओळीने हरवले. १ जानेवारी १९९९ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर अंतिम सामना झाला. समोर शिमिझु एस-पल्स. पहिला गोल एस-पल्सचा. मग कुबोयामाने बरोबरी साधली आणि उत्तरार्धात योशिदा ताकायुकीने दुसरा गोल मारला. २-१. चषक हातात घेतला आणि क्लब संपला.

जाता जाता एक गोष्ट. एस-पल्सही १९९७ साली बुडण्याच्या बेतात होता. शिमिझुच्या सुझुयो या स्थानिक कंपनीने तो सावरला. म्हणजे त्या दिवशी वाचलेला क्लब आणि न वाचलेला क्लब समोरासमोर होते, आणि जिंकला तो न वाचलेला.

आता यात अन्याय झाला का? माझ्या मनाचे पहिले उत्तर ‘हो’ असे होते, आणि ते मी लगेच मागे घेतले. कारण कंपन्यांची बाजू खोटी नव्हती. १९९७ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये यामाइची सिक्युरिटीज आणि होक्काइदो ताकुशोकु बँक कोसळल्या होत्या. सातो कोग्योचे रडगाणे बहाण्याचे नव्हते. २००२ साली ती कंपनी खरोखरच दिवाळखोरीपर्यंत गेली. बांधकामावरचे हजारो लोक आणि चेंडूमागे धावणारे पंचवीस जण यांत कोणाचा पगार आधी थांबवायचा, असा प्रश्न एखाद्या संचालकाला पडला असेल तर त्याचे उत्तर काय यायला हवे हे आपल्याला कळते. क्लब कायद्याने त्यांचा होता. तोटा त्यांचा होता. ज्याची वस्तू, त्याने ती मोडली.

मग रडणाऱ्या पाठीराख्यांचे नेमके काय गेले? त्यांनी तिकिटे काढली होती, त्या तिकिटांचे सामने त्यांना दाखवून झाले होते. कोणाचे पैसे बुडाले नाहीत. व्यवहाराच्या भाषेत ते गिऱ्हाईक होते आणि दुकान बंद झाले. आवडते हॉटेल बंद पडले म्हणून आपण हळहळतो, पण मालकाने आपल्याला विचारायला हवे होते असे म्हणत नाही.

हा युक्तिवाद मला बराच काळ पटत होता. त्यातली फट दिसली ती जे-लीगच्या स्थापनेकडे पाहिल्यावर. १९९३ च्या आधीही जपानमध्ये फुटबॉल होता, पण तो कंपन्यांचा होता. संघाचे नाव कंपनीचे, खेळाडू कंपनीचे नोकर, प्रेक्षकांत बरेचसे सहकारी. नव्या लीगचे अध्यक्ष कावाबुची साबुरो यांचा आग्रह असा, की संघाने गावाचे नाव लावायचे, कंपनीचे नाही. क्लब हा गावाचा असेल. योमिउरीसारख्या बड्या वृत्तपत्रसमूहाशी त्यांचे यावरून जाहीर भांडण झाले आणि ते हटले नाहीत. फ्ल्युगेल्स चालवणाऱ्या संस्थेच्या कागदोपत्री नावात दोन्ही कंपन्यांची नावे होती. लोकांना सांगितले गेले ते योकोहामा. म्हणजे इथे दुकानदाराने गिऱ्हाइकाला माल विकला एवढेच झाले नाही. त्याने गिऱ्हाइकाला सांगितले, की हे दुकान तुझे आहे, तुझ्या गावाचे आहे, ये, गाणी म्हण, पोराला खांद्यावर घेऊन ये. लोक आले. पाच-सहा वर्षे ऊन-पावसात आले. मग एका सकाळी त्यांना कळले, की दुकान त्यांचे नव्हते.

कोणाला ‘हे तुझे आहे’ असे सांगून त्याचे प्रेम मिळवायचे आणि हिशेबाच्या वेळी ‘हे माझे होते’ म्हणायचे, यात कायदा मोडत नाही. पण काहीतरी मोडते, आणि त्याला वचन म्हणायला माझी हरकत नाही. आपल्याकडचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. फुटबॉलवाल्यांना वाईट वाटले. पण तो परत उभा करायला शहरातून कोणी पैसे गोळा केले नाहीत. मुंबईकरांचे फुटबॉलप्रेम कमी, हे एक कारण सांगता येईल. मला दुसरेही दिसते. त्या संघाने आपण मुंबईचे आहोत असे कधी सांगितलेच नव्हते. नाव कंपनीचे होते आणि ते लपवलेले नव्हते. वचनच नव्हते, तर मोडणार काय?

फ्ल्युगेल्सच्या बाबतीत दुसरी चूक मात्र मला पहिलीपेक्षा मोठी वाटते, आणि ती चांगल्या हेतूने केलेली आहे. तो एफ. कोणाला तरी वाटले असेल, की एवढे अक्षर ठेवले तर जुन्या लोकांना आपलेपणा वाटेल. बँकेच्या दोन शाखा एक झाल्या की खाती आपोआप पलीकडे जातात, तशी निष्ठाही जाईल. शिवाय नवा क्लब अधिक मोठा, अधिक भक्कम. तक्रारीला जागा कुठे? पण निष्ठेचा स्वभाव नेमका उलटा असतो. जास्त चांगले मिळाले म्हणून जी सुटते तिला आपण निष्ठा म्हणतच नाही. त्यातून विलीन कोणात करायचे, तर शेजारच्या प्रतिस्पर्ध्यात! तुमच्या आळीच्या गणपतीचे मंडळ यंदापासून वरच्या आळीच्या मंडळात विलीन होत आहे, त्यांची मूर्ती मोठी आहे, वर्गणी जास्त जमते, आणि फलकावर तुमच्या आळीचे पहिले अक्षर घालू, असे कोणी सांगितले तर काय होईल ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. योकोहामात दोन क्लब असण्याचा अर्थच हा होता, की एकाचा असणे म्हणजे दुसऱ्याचा नसणे.

त्या एफला मी आधी मनात माहेरचे आडनाव म्हटले. लग्नानंतर काही बायका दोन्ही आडनावे लावतात, तसे. पण उपमा टिकली नाही. लग्न झालेली बाई जिवंत असते आणि ती स्वतः ते नाव लावते. इथे नाव लावणारा वेगळा आणि ज्याचे नाव तो नाहीसा. दत्तकाची उपमाही लावून पाहिली. दत्तकात रक्त बदलते पण घराणे चालू राहते. इथे घराणेही मारिनोसचेच चालू राहिले. शेवटी असे वाटले, की तो एफ कोनशिलेसारखा आहे. जी इमारत पाडून नवी बांधली, तिच्या भिंतीत जुन्या इमारतीचा एक दगड बसवावा तसा. दगड बसवणाऱ्याचा हेतू आदराचा असू शकतो. पण ज्याचे घर पाडले त्याने तिथे राहायला यावे अशी अपेक्षा त्या दगडाच्या जोरावर करता येत नाही.

काही जण राहायला आलेही. त्यांना मी नावे ठेवणार नाही. शहर तेच, मैदान बरेचसे तेच, पोरांना शनिवारी सामना पाहायचा असतो. काहींनी मात्र वेगळे केले. १९९८ च्या डिसेंबरातच, म्हणजे फ्ल्युगेल्स अजून सम्राट चषकात खेळत असताना, पाठीराख्यांनी नवा क्लब काढला. वर्गणीदार सभासदांच्या मालकीची कल्पना त्यांनी बार्सिलोनाकडून घेतली. (त्या वर्षी फ्ल्युगेल्सचा प्रशिक्षक बराच काळ बार्सिलोनाचाच कार्लेस रेशाक होता. तो मध्येच गेला आणि शेवटचे ते न हरलेले दोन महिने गेर्ट एंगेल्स या जर्मन माणसाने सांभाळले.) क्लबाच्या बोधचिन्हात फिनिक्स पक्षी आला. जर्मनीत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला पहिला जपानी, ओकुदेरा यासुहिको, व्यवस्थापनात आला. विश्वविजेता पिएर लिटबार्स्की प्रशिक्षक झाला. खरे तर नव्या क्लबाने जिल्ह्याच्या तळातून सुरुवात करायची, पण परिस्थिती पाहून त्यांना थेट तिसऱ्या पातळीवरच्या जेएफएलमध्ये घेतले गेले. ती स्पर्धा त्यांनी १९९९ आणि २००० अशी दोनदा जिंकली, २००१ मध्ये दुसऱ्या विभागात आले, आणि २००६ मध्ये तो विभाग जिंकून वर चढले. म्हणून २००७ चा तो सामना.

आणि त्या वर्षी दोन्ही क्लबांच्या खेळाडूंच्या यादीत काय होते पाहा. योकोहामा एफसीकडे यामागुची मोतोहिरो होता, फ्ल्युगेल्सचा शेवटचा कर्णधार. मारिनोसकडे योशिदा ताकायुकी होता, फ्ल्युगेल्सचा शेवटचा गोल करणारा. शेवटचा चषक ज्याने उचलला तो इकडे, ज्याच्या पायाने तो मिळाला तो तिकडे. भर म्हणून, मारिनोस सोडून आलेले कुबो तात्सुहिको आणि ओकु दाइसुके योकोहामा एफसीत होते. मग फ्ल्युगेल्स कुठे होता?

तत्त्वज्ञानात या प्रश्नाला जुने घर आहे. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेली. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का, हे प्लुटार्कने नोंदवलेले कोडे. सतराव्या शतकात हॉब्जने त्याला पीळ दिला: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? योकोहामात हुबेहूब हे झाले असे वाटते. एकाकडे नाव आणि कागदोपत्री वारसा, दुसऱ्याकडे जुन्या फळ्या. मिलिंद राजाला नागसेनाने दिव्याचे उदाहरण दिले होते: रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, तीच म्हणता येत नाही आणि दुसरीही म्हणता येत नाही. हॉब्जपेक्षा नागसेन मला जवळचा वाटतो. पण ज्योत एकाच दिव्यात जळत होती. एका ज्योतीवरून दोन दिवे लावले आणि पहिला फुंकून टाकला तर काय, हे राजाने विचारायचे ठेवले.

या कोड्यांत मी बरेच दिवस रमलो, पण आता वाटते, की ती इथे आपल्याला चुकीच्या दारात नेऊन सोडतात. जहाजाला कोणी वचन दिलेले नसते. जहाज ‘मी तुझा’ म्हणत नाही. खरा फ्ल्युगेल्स कोणता, असा प्रश्न विचारला की आपण वारसदार शोधायला लागतो आणि वारसदार सापडला की प्रकरण मिटले असे समजतो. १९९८ मध्ये नवा क्लब काढणाऱ्यांनी मात्र क्लब जिवंत केला असे मला वाटत नाही. तो त्यांनाही करता आला नसता. त्यांनी आपली बदली नाकारली. ‘आम्हाला पलीकडे जमा करू नका’ एवढे एक वाक्य त्यांनी क्लब काढून उच्चारले. असे वाक्य नुसते बोलून भागत नाही, ते दर आठवड्याला अकरा माणसे मैदानावर उतरवून बोलावे लागते. जोसाया रॉइस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९०८ मध्ये निष्ठेवर ग्रंथ लिहिला, त्यात हरलेल्या ध्येयांवरच्या निष्ठेला त्याने मोठी जागा दिली आहे. ज्याच्यासाठी काही करायचे ते आता जगात उरलेले नाही, तेव्हाच निष्ठेला काम सुरू होते, असा काहीसा त्याचा सूर आहे. मला हे थोडे भाबडे वाटायचे. योकोहामानंतर कमी वाटते.

पण इथे मला स्वतःला अडवले पाहिजे, कारण गोष्ट फार गोड होऊ लागली आहे. पाठीराखे म्हणजे पवित्र आणि कंपनी म्हणजे पापी, असे चित्र उभे राहते, आणि ते खरे नाही. सभासदांच्या मालकीचा प्रयोग पुढे तसाच टिकला नाही. सभासद आणि व्यवस्थापन यांच्यात बिनसले, आणि २००७ मध्ये पहिल्या विभागात खेळणाऱ्या योकोहामा एफसीमागेही भांडवल एका कंपनीचेच होते. कंपनीमुळे मेलेल्या क्लबाच्या जागी उभा राहिलेला क्लब कंपनीच्या आधारानेच वर चढला. आणखी मागे गेलो तर याहून अवघड काही निघते. फ्ल्युगेल्सचे मूळही कंपनीत नव्हते. १९६४ मध्ये योकोहामातल्या मुलांसाठी निघालेल्या एका स्थानिक क्लबातून तो वाढला होता. विमान कंपनी नंतर आली आणि हळूहळू तो तिचा झाला. ते जुन्यांना पचले नाही. १९८६ च्या मार्चमध्ये मोसमाच्या शेवटच्या सामन्यावर सहा खेळाडूंनी बहिष्कार टाकला आणि संघ आठ जणांनिशी खेळला. म्हणजे ज्या क्लबाच्या मरणावर लोक १९९९ मध्ये रडले, तो स्वतःच कोणाच्या तरी क्लबाच्या जागी बसलेला होता. त्या सहा जणांसाठी कोणी अक्षर राखून ठेवले नाही.

यावरून कोणी म्हणेल, की मग सगळेच सारखे; प्रत्येक क्लब कोणाच्या तरी क्लबावर उभा. मी तसे म्हणत नाही. एक अन्याय जुना आहे म्हणून नवा अन्याय लहान होत नाही. पण ‘आम्ही मूळचे’ या शब्दावर दावा उभारायचा असेल तर तो दावा फार खोल खणू नये, एवढे खरे. पाठीराख्यांचा दावा मूळचे असण्यातून येत नव्हता. तो त्यांना बोलावले गेले होते, यातून येत होता.

आता पुन्हा त्या सामन्याकडे. १-० हा निकाल वाचल्यावर माझ्या मनात जो आनंद झाला, तो न्याय झाल्याचा होता. मित्सुझावासारख्या जुन्या मैदानावर, पाठीराख्यांच्या क्लबाने, अक्षर घेऊन बसलेल्या क्लबाला हरवले! पण त्याच वर्षी ११ ऑगस्टला परतीचा सामना निसान स्टेडियमवर झाला आणि मारिनोसने तो ८-१ असा जिंकला. मार्चमधला निकाल न्याय असेल तर ऑगस्टमधला काय? एक गोलाने मिळालेला न्याय सात गोलांच्या फरकाने परत घेतला गेला? हायाकावाच्या गोलाला १९९८ माहीत नव्हते. मारिनोसच्या आठ गोलांनाही नव्हते. मारिनोसच्या त्या संघातल्या बहुतेक खेळाडूंनी कोणाचा क्लब गिळला नव्हता. त्यांतला एक तर स्वतः गिळलेल्या क्लबाचाच होता. खेळ निष्पक्ष असतो तो याच अर्थाने, की त्याला आठवण नसते. दोन्ही बाजूंना सारखीच माणसे, सारखाच वेळ, चेंडू एकच. दुखावलेल्या बाजूला एक गोल आधीच दिला जात नाही. मैदानाकडून निवाडा मागणारा पाठीराखा म्हणून नेहमी निराश होतो.

मग त्यांचे देणे काय होते? क्लब चालू ठेवणे, असे मी म्हणणार नाही. न झेपणारे कोणाकडून मागता येत नाही. पण वेळेवर सांगणे हे देणे होते. आम्हाला जमत नाही, तुमच्याने जमते का पाहा, असे विचारणे हे देणे होते. शिमिझुमध्ये वर्षभरापूर्वी तसा रस्ता निघाला होता, तेव्हा ते अशक्य नव्हते. आणि मोडणे असेल तर मोडणे म्हणणे, विलीनीकरण न म्हणणे, हेही देणे होते. मेलेल्याला मेला म्हटले की सुतक तरी पाळता येते.

कोलकात्यात अलीकडे याचे दुसरे रूप दिसले. १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान २०२० मध्ये लीगमधल्या एटीके या नव्या, पैसेवाल्या संघाशी जोडला गेला आणि नाव झाले एटीके मोहन बागान. तिथे रंग, बोधचिन्हातली नौका, सगळे राहिले. फक्त पुढे तीन अक्षरे लागली. पाठीराख्यांनी ती तीन अक्षरे काढण्यासाठी तीन वर्षे आंदोलन केले, आणि २०२३ मध्ये संघ लीगचा विजेता झाल्यावर ती काढली गेली. योकोहामात एक अक्षर राहिले म्हणून दुःख, कोलकात्यात तीन अक्षरे आली म्हणून दुःख. बाहेरच्याला दोन्ही हास्यास्पद वाटू शकते. मला ते एकाच गोष्टीविषयी वाटते: नाव कोणी ठेवायचे हे कोणाला विचारले गेले.

तिसऱ्या गटाचा उल्लेख मात्र कुठे फारसा होत नाही. जे मारिनोसकडे गेले नाहीत आणि नव्या क्लबाकडेही आले नाहीत. १ जानेवारी १९९९ ला टोकियोहून घरी गेले आणि फुटबॉल पाहणे सोडून दिले. त्यांचा क्लब नाही, झेंडा नाही, त्यांना हरवायला किंवा जिंकायला समोर कोणी नाही. नव्या क्लबाची गोष्ट सांगताना मीही त्यांना विसरलो होतो, कारण त्यांची गोष्ट होत नाही. निष्ठा म्हणजे काहीतरी करणे, असे मी वर सुचवले. या माणसांनी काहीच केले नाही आणि तरी त्यांना निष्ठावान नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हा तिढा मला सुटलेला नाही.

२००७ चा मोसम योकोहामा एफसीने तळाला संपवला, १६ गुणांवर, आणि ते पुन्हा खाली गेले. यामागुची पुढे काही वर्षांनी त्याच क्लबाचा प्रशिक्षक झाला. आणखी एक जण होता. १९९८ च्या मार्चमध्ये लीगच्या पहिल्याच दिवशी, मारिनोसविरुद्ध, फ्ल्युगेल्सने एका अठरा वर्षांच्या मुलाला मैदानात उतरवले होते. एन्दो यासुहितो त्याचे नाव. क्लब संपला तेव्हा तो क्योतोला गेला, मग गाम्बा ओसाकाकडे, आणि जपानसाठी सर्वांत जास्त सामने खेळलेला खेळाडू झाला. २०२४ च्या जानेवारीत त्याने निवृत्ती जाहीर केली. फ्ल्युगेल्सकडून खेळलेला आणि अजून खेळत असलेला असा तो शेवटचा होता. मारिनोसच्या नावात एफ आणि टिंब अजून आहेत.